नवासी की उनासी

५ जानेवारी, रविवार

नाव दिलं! मुन्नालालच्या सायकल दुकानात जाऊन फॉर्म भरून आले. महिला गट, चाळीस किलोमीटर. गोंदियाहून आमगावच्या रस्त्यानं वीस जायचं, वळायचं, वीस परत. वयाच्या चौकटीत छत्तीस लिहिताना पेन अडखळलं.

रेस मुन्नालालचं मंडळच भरवतं. म्हणाला, "मैडम, आप तो बिरसी पोस्ट ऑफिसवाली हैं ना?" म्हटलं, हो, तीच. तो हसला. का हसला कोण जाणे! घरी अजून सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

सांगितलं. हे म्हणाले, "कायले? मेडल का भाजीत टाकाचा आहे?" सासूबाई म्हणाल्या, "डाक वाटून वाटून पोट नाही भरला का तुहा?"

कशाला, ते मलाच नीट माहीत नाही. चौदा वर्षं टपाल घेऊन सायकल मारते. कोणी मागे लागत नाही, कोणाच्या पुढे जायचं नसतं. एकदा कोणाच्या तरी पुढे जाऊन बघावंसं वाटतं. हे सासूबाईंना कसं सांगायचं?

९ जानेवारी

पहाटे सराव. थंडीनं बोटं वाकत नाहीत. दिराची जुनी गिअरची सायकल मागून घेतली आहे — तिसऱ्या गिअरवर चेन उतरते. विमानतळाच्या कुंपणाला लागून दोन फेऱ्या मारल्या. वर शिकाऊ पोरांचं विमान घिरट्या घालत होतं. तेही शिकतात, मीही शिकते. फरक एवढाच, त्यांची चेन उतरत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बारा बायका होतो. बहुतेक कॉलेजच्या मुली, ट्रॅकसूटमध्ये. मला नंबर मिळाला ७९. माझ्या शेजारी ८९ — दरेकश्याची फुलवंता. चाळिशीची असेल. जंगलात मजुरी करते. हिरवा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट आवळलेली. आणि सायकल? मानव विकासची! पोरींना शाळेत जायला सरकार देतं ती, पुढच्या टोपलीसकट. "लेकीची हाये," म्हणाली. पहिल्या गाडीनं सायकल चढवून आली होती. मला हसू आलं. हो, हसले. खोटं कशाला लिहू!

दहा किलोमीटरपर्यंत मी पुढे होते. मग बाजूनं टोपली गेली. आधी टोपली दिसली, मग हिरवी पाठ, मग ८९. ना धाप, ना घाई. मी गिअर बदलला आणि चेन उतरली! चेन चढवेपर्यंत ती पन्नास पावलं पुढे. वळणावर पिंपाला वळसा घालायचा होता. तिथे मुन्नालालचा मिस्त्री गुड्डू नंबर ओरडत होता आणि खुर्चीवर इंद्रकुमार गुरुजी वहीत लिहीत होते. ती वळली, मग मी वळले. परतीच्या वाटेवर बाकीच्या पार मागे राहिल्या. फक्त ती हिरवी पाठ आणि मी. चेनला शिव्या दिल्या, गुडघ्यांना दिल्या, तिलाही दिल्या. अंतर दहा पावलांवर आणलं, त्याहून कमी काही होईना.

तिनं शेवटची रेघ ओलांडली आणि थांबलीच नाही! तशीच सरळ स्टेशनकडे. परतीच्या पॅसेंजरची वेळ झाली होती म्हणे. मी सायकल टाकून रस्त्यावरच बसले.

तासाभरानं निकाल पुकारला. "एका स्पर्धकाची वळणावर नोंद नाही, अर्ध्यातून परतल्यामुळे बाद. महिला गटात प्रथम — दुर्गेश्वरी टेंभरे, बिरसी!"

मी? हातात ढाल दिली. गिअरची नवी कोरी सायकल दिली. फोटो काढले. पण ती तर वळली होती! मी पाहिलं ना? की ती दुसरीच कोणी होती? डोळ्यांत घाम होता, मान खाली होती. तोंडातून शब्द फुटला नाही. फुटला नाही, की मी फुटू दिला नाही?

१३ जानेवारी

पेपरात फोटो. खाली बातमीत, एक महिला अर्ध्यातून परतल्याने बाद. नाव नाही, फक्त "दरेकसा येथील".

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला सासूबाई ढाल दाखवतात. "माही सून पयली आली, पेपरात आहे." चौदा वर्षांत मला सून म्हणाल्या, बाई म्हणाल्या, 'अवं' म्हणाल्या. 'माही' आज पहिल्यांदा ऐकलं. एवढं बरं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

१७ जानेवारी

इंद्रकुमार गुरुजी पोस्टात आले होते, पेन्शनच्या कागदासाठी. आले ते छाती फुगवूनच. "दुर्गेश्वरीबाई, तुमची पहिली नोंद माझ्या हातची बरं का! पहिली बाई वळली आणि गुड्डू ओरडला — नवासी! मी लगेच ७९ लिहिलं."

शिक्का मारता मारता हात थांबला. म्हटलं, गुरुजी, नवासी म्हणजे किती?

"एकोणऐंशी. नवासी. ऐंशीच्या आतले."

"मग उनासी म्हणजे?"

गुरुजी घुटमळले. "तेही तेच असेल. तुमच्या मागोमाग तो उनासी की काय ओरडला खरा. मला वाटलं, तेच परत सांगून राहिला."

माझ्या काउंटरवर अर्धी गिऱ्हाइकं हिंदी बोलणारी. पासबुकाचे नंबर रोज हिंदीतच ऐकते. नवासी म्हणजे एकोणनव्वद — ८९. उनासी म्हणजे एकोणऐंशी — ७९. गुड्डूनं तिला नवासी म्हटलं, मला उनासी म्हटलं, अगदी बरोबर म्हटलं. गुरुजींनी दोन्हीचा एकच आकडा केला. तिची नोंद माझ्या नावावर, आणि ती बाद!

कागदावर शिक्का उलटा मारला.

१८ जानेवारी

ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, "मंग? चूक गुरुजीची. तू काऊन उकरून राहिली? हरिश्चंद्राची नात आहेस का?"

नाही. हरिश्चंद्राची कोणीच नाही मी. पण तिला वळताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि गप्प बसले? त्याची चूक कोणाची? दुपारभर वाटलं, सांगून टाकावं. संध्याकाळी वाटलं, आठवडा होत आला, लोक विसरले, तिलाही काही फरक पडत नसेल. एवढी घाईनं निघून गेली ती! रात्री भाकरी करपली. मग परत वाटलं, सांगावं. डोक्याचा नुसता भुगा.

१९ जानेवारी, रविवार

दरेकश्याला जाऊन आले. कशाला गेले? तिला फरक पडत नाही हे बघायलाच गेले होते बहुतेक.

स्टेशनवर उतरून विचारत विचारत घर गाठलं. फुलवंता अंगणात बांबू फोडत होती. मला ओळखलं. "पोस्टवाल्या बाई ना? बसा." लेक चंचल पाणी घेऊन आली, माझ्याकडे न बघता ठेवून गेली. मी तिळगूळ पुढे केला आणि मग नवासी-उनासीचं सगळं सांगितलं, अडखळत. ती कोयता हातात धरून ऐकत होती.

"म्हंजे मी पयली होती?"

"हो."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "बाई, सायकलचा जाऊ द्या. पन पेपरात आला ना, अर्ध्यातून पलटली म्हनून. शाळेत पोरी चंचलले म्हनतेत, तुही आई चोट्टी. पोरगी चार दिवस शाळेत गेली नाही. तेंदूपत्ता मोजून घेतेत त्या फडीवर माह्या पुड्यात आजपर्यंत एक पान कमी नाही निघाला. फडीवाला माहे पुडे मोजतच नाही. आता मोजन तो."

चहा प्यायले. गाडी दीड तास उशिरा आली. दीड तास फलाटावर बसून मी एकच ठरवलं, की उद्या ठरवू.

२० जानेवारी

सांगणार. नाही सांगणार. सासूबाईंनी ढालीवर हातरुमाल घातला आहे, धूळ बसू नये म्हणून.

२१ जानेवारी

सांगितलं! गोंदियाला जाऊन मुन्नालालच्या दुकानात, गुड्डूच्या समोर सांगितलं. गुड्डू उडालाच — "मैं तो नवासी ही बोला था!" मुन्नालालनं वही काढली, चष्मा चढवला, बोट फिरवलं. मग म्हणाला, "मैडम, सोच लीजिए। उनासी एक ही बार लिखा है। वो उसका हुआ, तो फिर आपकी एंट्री कहाँ है?"

मला कळेना. त्यानं पुन्हा समजावलं. नियम एकच. वळणावर नोंद नाही, तो बाद. नोंद एकच आहे. ती फुलवंताची धरली की वहीप्रमाणे मी वळलेच नाही. पहिली नाही, दुसरी नाही, कोणीच नाही! माझ्या मागून तिसरी पोचलेली खुशबू नावाची कॉलेजची मुलगी दुसरीच राहणार.

"अरे, पण मी वळले! गुड्डू, तू पाहिलंस ना?" गुड्डू डोकं खाजवत म्हणाला, "दीदी, मैं नंबर देखता हूँ, चेहरा नहीं। उनासी बोला तो था शायद।" शायद! गुरुजी तर साक्ष द्यायच्या लायकीचे राहिलेच नाहीत.

मुन्नालाल वाईट माणूस नाही. म्हणाला, "अभी भी बंद कर दूँ बही?" दुकानात ग्रीसचा वास भरला होता. मी बघत होते ते त्या एका आकड्याकडे, ७९. गुरुजींचं अक्षर फार सुंदर आहे.

म्हटलं, तिचं नाव लिहा. पेपरातही द्या, तिच्या नावासकट, ती पूर्ण चाळीस गेली म्हणून.

येताना रडले. रागानं की कशानं, मला विचारू नये.

२२ जानेवारी

नवी सायकल आणि ढाल टेम्पोतून परत गेली. सासूबाई दारात उभ्या. ढालीवरचा हातरुमाल हातात. हे म्हणाले, "पयली होती, आता बारावीही नाही. वा!" मग म्हणाले, "दूध पिऊन घे." रागावले आहेत की नाहीत?

मी बरोबर केलं का? बरोबर केलं तर असं फसवल्यासारखं का वाटतं? चाळीस किलोमीटर मी खरंच गेले होते. मांड्या अजून दुखतात. हे कोणत्या वहीत लिहायचं?

२३ जानेवारी

पेपरात दोन ओळी. फुलवंताचं नाव आलं. माझं नाही.

२४ जानेवारी

गुरुजी पोस्टात आले. मान खाली. सांगू लागले, काल फुलवंता सायकल न्यायला मुन्नालालकडे आली होती, लेकीला घेऊन. सायकलला हात लावायच्या आधी विचारलं, "अन् ते पोस्टवाल्या बाई?" त्या बाद, मुन्नालाल म्हणाला. तर ती तिथेच बसली. म्हणाली, आधी त्यांचं नाव लिहा, मग सायकल नेते. मुन्नालाल म्हणाला, साक्षीदार कोण? ती म्हणाली, मी! गुरुजींनी कालच लिहिलं, ७९, दुसरी, आणि या वेळी आकड्याखाली अक्षरातही लिहिलं. तिचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले —

"वीस किलोमीटर त्यायचा दम माह्या कानात होता. ते वळली नसती, तं मी येवढ्या जोरानं कायले चालवली असती?"

दुसरी आले मी. दुसरी!