जीपच्या पोटाला कढई

मुक्काम आमचंच गाव, सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, तालुका औंढा

श्रीमान बालाजीराव यांस, तुमचे दाजी उकंडराव यांचा हात जोडून रामराम. (तुमी वयानं लहान, आशीर्वाद लिहायचा रिवाज मला ठाऊक आहे. तरी रामराम लिहिला, त्यावरून काय समजायचं ते समजून घ्या.) इकडं आमी समदे खुशाल. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण आता त्याची सवय झाली. तुमची लेक शीतल आणि तिचं लेकरू बरं असेल. बारशाला माझं येणं झालं न्हाई याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याचं कारण पुढं येतंच. तुमच्या घरच्या मालनबाईंनी ताईसोबत पाठवलेले लाडू पोचले. डबा मोठा होता, लाडू थोडे होते. मधल्या प्रवासाबद्दल मी तुमच्या ताईला काही विचारलं न्हाई, कारण तेव्हा घरात विचारायची सोय नव्हती.

फोन काहून केला न्हाई म्हणाल, तर फोनवर तुमी 'हं, हं' करत तिकडं दुसऱ्याशीच बोलून राहता, आणि इकडं तुमची ताई भिंतीआडून कान लावते. पत्राचं तसं न्हाई. पत्र कुणाला मधेच तोडता येत न्हाई.

तर आमचा मळ्याचा रस्ता तुमाला आठवत असेल. मागच्या खेपेला तुमी त्या रस्त्यानं गेलात टोपी सावरत आणि आलात कंबर धरून. त्या रस्त्यात ओढा, आणि ओढ्याच्या मधोमध तो टोणग्या दगड. डावीकडून जावं तर काळी माती बैलालासुद्धा सोडत न्हाई, उजवीकडून जावं तर डोह. म्हणून गाडी टोणग्याच्या वरून, चाकं दोन्ही बाजूला टाकून न्यावी लागते. दगड फोडून टाका म्हणाल, पण त्याला कोण्या जमान्यात कुणीतरी शेंदूर लावून ठेवला, आता घण कोण घालणार? ट्रॅक्टर उंच, तो जातो. जीपचं पोट मात्र बराबर टोणग्याच्या पाठीवर घासतं, आणि पोटात सगळ्यांत खाली काय, तर इंजिनाचं तेल धरणारा चेंबर. तो दोनदा फुटला. दुसऱ्यांदा फुटला तेव्हा तुमच्या ताईसाहेब नवी पैठणी नेसून जीपमधे होत्या, आणि ओढ्यातून चालत घरी आल्या. त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की या जीपमधे पुन्हा पाय ठेवणार न्हाई. आणि आमच्या भागवतनं जाहीर केलं की शेतात जायला ट्रॅक्टर हाय, औंढ्याला जायला मोटारसायकल हाय, मधे हे लोढणं कशाला. अजून एकदा चेंबर फुटला की जीप हिंगोलीच्या गिऱ्हाईकाला देऊन टाकायची. पोरगं बोलतं ते खरं करतं, तुमच्या घराण्यावर गेलं आहे.

आता बालाजीराव, तुमाला म्हणून सांगतो, त्या जीपमधे माझा जीव आहे. आमच्या लेकीची, पुनमची पाठवणी याच जीपमधून झाली. हाच भागवत तापानं फणफणला होता तेव्हा भर पावसात याच जीपनं त्याला हिंगोलीला नेला, आणि आता तोच म्हणतो लोढणं. ती सुरू व्हायला वेळ लावते, पण एकदा सुरू झाली की आपण बंद केल्यावरसुद्धा जराशी चालते. एवढी माया आजकाल कोण लावतं?

मग मी ठरवलं की जीपच्या पोटाला चिलखत घालायचं. ही अक्कल भागवतच्याच मोबाईलमधून आली. डोंगरात हौसेनं गाड्या घालणारे लोक इंजिनाखाली जाड पोलादी पत्रा बसवून घेतात, मग खाली दगड लागो की धोंडा, आतल्या चेंबरला तकलीफ न्हाई. मी तांड्यावरच्या अमरसिंगला बोलावलं. अमरसिंग माणूस जिवाचा, पण त्यानं आयुष्यात हळदीचे कुकर आणि हळद घोळायचे ड्रम याशिवाय कशालाच वेल्डिंग केलेलं न्हाई. (स्वतःच्या घराचं फाटक केलं, तेही ड्रमसारखं गोल फिरतं. पाहुणा आत जातो तो पुन्हा बाहेरच निघतो.) तो जीपखाली वाकून बघून म्हणाला, सोपं काम हाय, हिला उकळायची तर न्हाई ना? आमी हिंगोलीहून नवा पत्रा आणून बसवला. टोणग्यानं पहिल्याच भेटीत त्याचा पापड केला. चेंबर वाचला तो कसा, ते टोणग्यालाच ठाऊक.

आता त्याहून दणकट लोखंड आणावं कुठून? अमरसिंगची नजर आमच्या गोठ्यामागं गेली. तिथं ती कढई पालथी पडलेली होती. व्हय, तीच, तुमच्या वडलांनी, आप्पांनी ताईला लग्नात दिलेली हळद शिजवायची कढई. गावात वाफेचे कुकर आल्यापासून तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या. अमरसिंगनं तिच्यावर हातोडी मारून बघितली तर देवळातली घंटा वाजावी तसा आवाज. म्हणाला, इतकी वर्षं जाळ खाऊन जी वाकली न्हाई ती टोणग्याला काय भीक घालते! ताई तेव्हा तुमच्याकडं बारशाला. मी तुमच्या ताईला फोन करून विचारायला पायजे होतं, हे मलाही कळतं. पण विचारलं असतं तर ती न्हाई म्हणाली असती, मग विचारून काय उपयोग?

खाली घुसून काम करायला खड्डा लागतो, आणि औंढ्यातल्या गॅरेजवाल्यानं आपला खड्डा कढईसाठी द्यायला साफ नकार दिला. पण आपल्याकडं हळद शिजवायचं जुनं चुलाण आहेच, जमिनीत खणलेलं, चांगलं लांबलचक. त्याच्यावर जीप उभी केली आणि अमरसिंग चुलाणात उतरला. आत कैक सालांची राख आणि काजळी. दुपारी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या घरची डबा घेऊन आली होती, तिनं त्यालाच विचारलं, आमचे मालक कुठं हायत. असो. पहिल्या दिवशी आमी कढईचा गोल तळ तसाच ठेवला, तर जीप टोणग्यावर चढली आणि चारी चाकं अधांतरी ठेवून डुलायला लागली. तिकडं तुमी नातवाला पाळण्यात घालून राहिले होते, इकडं मी पाळण्यात होतो. मग तळ ठोकून सपाट केला. मग लक्षात आलं की जुनं तेल काढायला भोकच ठेवलं न्हाई, ते पाडलं. मग अमरसिंग म्हणाला नटबोल्ट ढिले होतात, आणि मला न विचारता सगळी कढई गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करून मोकळा झाला. कढईची एक कडी तेवढी पुढं लोंबत राहिली. ती चालताना वाजते. म्हशी वाट सोडतात, फायद्याचंच आहे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली न्हाई. लोखंडात हळद मुरते, बालाजीराव. इंजिन तापलं की कढई तापते, आणि कढई तापली की शिजत्या हळदीचा घमघमाट सुटतो. औंढ्याच्या स्टँडवर मी गाडी लावली तर माणसं येऊन विचारून राहिली, लग्न कुणाकडं हाय. एका म्हातारीनं तर मला नवरदेवाचा बाप समजून नमस्कार केला. मीही आशीर्वाद दिला, आपलं काय जातं.

अशात तुमची ताई तुमच्याकडून परत आली. मी घ्यायला गेलो न्हाई (ती जीपमधे बसणार नव्हती, आणि जीप दाखवायची माझी छाती नव्हती). दारात शिरली तर कोंबड्या बाजेवर बसलेल्या. तिनं कोंबड्यांकडं बघितलं, हवेचा वास घेतला, जीपकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. आणि पिशवी उचलून आत गेली. त्या दिवसापासून भाकरी यायची, पण ताट माझ्यापासून हातभर लांब ठेवलं जायचं. शेवटी तोंड उघडलं ते भागवतजवळ, की बोलाव तुझं गिऱ्हाईक, चेंबर फुटायची वाट कशाला बघायची. झालं! ज्या पोराला मी एकट्यानं तोंड देत होतो, त्याच्या बाजूला आता आई गेली. मला झोप येईना. गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी मी मळ्यात एकटाच जाऊन बसलो, आणि खोटं काहून सांगू, डोळे भरून आले. घरी आलो तर अमरसिंग हातोडी-छिन्नी घेऊन चुलाणातून वर येत होता. म्हणाला, एक नट आवळायचा राहिला होता. (सगळं वेल्डिंग केल्यावर नट कुठला, हे विचारायचंही मला सुचलं न्हाई.) ताईनं त्याला चहा दिला. एवढ्या रागातही कारागिराला चहा, ही माणुसकी तुमच्या घराण्यात आहे, ती मी नाकारत न्हाई.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. सफेद कपडे, बारीक मिशी, बोलणं अर्धं हिंदी. म्हणालं, चलाके दिखाओ. ताई आणि भागवतही ओढ्यापर्यंत आले. मी गाडी टोणग्यावर घातली. मनात आलं, चेंबर फुटला तर जीप जाणार, न फुटला तर अजूनच जाणार, आता देवाला मागावं तरी काय? खाली असा ठणका बसला की झाडावरचे बगळे उडाले. आणि जीप पलीकडं. तेलाचा थेंब न्हाई, चेंबरला ओरखडा न्हाई. बालाजीराव, माझी छाती फुगली, आणि तिथंच घात झाला. ते गिऱ्हाईक खुश होऊन नाचायलाच लागलं. म्हणालं, असं मजबूत काम आपण कुठंच बघितलं न्हाई, आता तर ही गाडी मी घेणारच. ज्या पत्र्यानं जीप वाचवायची, त्याच पत्र्यानं ती विकली जात होती. भागवत हसून राहिला होता. मी स्टेअरिंगवरचा हात काही काढला न्हाई.

घरी येऊन जीप पुन्हा चुलाणावर उभी केली, कारण गिऱ्हाईकाला काम खालून बघायचं होतं. सफेद कपडे वर खोचून ते आत उतरलं. मग चुलाणातून एक एक अक्षर लावत वाचल्याचा आवाज आला.

"चि. सौ. पार्वतीस... आप्पाकडून."

कढईवर नाव घातलेलं होतं! भांड्यावर घालतात तसं, टिंबाटिंबांनी. मी ते कधी बघितलं नव्हतं, काजळीत झाकलं असेल. पण जुन्या लोकांचं काम बघा, इतक्या वर्षांनी, इतका जाळ खाऊन, अक्षर कसं कालच ठोकल्यासारखं लखलखीत. गिऱ्हाईकानं डोकं वर काढून विचारलं, ये पार्वती कौन. तुमच्या ताईनं पदर खोचला आणि पुढं झाली.

"मी हाय. ती माझी माहेरची कढई हाय. माहेरचं भांडं इकत नसतात."

गिऱ्हाईक म्हणालं मग पत्रा काढून घ्या, गाडी द्या. चुलाणापाशी उभा अमरसिंग म्हणाला पत्रा काढायचा तर गाडीचा सांगाडा कापावा लागतो. गिऱ्हाईक म्हणालं कापल्या सांगाड्याची तर मला नकोच. भागवतनं आईकडं बघितलं, आईनं भागवतकडं बघितलं, आणि पोरगं गुमान मोटारसायकलला किक मारून निघून गेलं. गिऱ्हाईक अंगभर काजळी घेऊन हिंगोलीला परत गेलं. आणि मग तुमची ताई जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला म्हणाली, "चला, मळ्यात जाऊन येऊ." मी इतका आनंदात होतो की किल्ली न लावताच गिअर टाकला.

तर असं आहे. जीप आता सुखरूप आहे, मीही आहे. संध्याकाळी आमी दोघं ओढ्यापलीकडं जातो, कडी वाजते, हळदीचा वास सुटतो, आणि टोणग्यावरून जाताना ती हात जोडते. दगडाला जोडते की कढईला, ते मी विचारत न्हाई. मालनबाईंना नमस्कार, शीतलच्या लेकराला मुका.

तुमचा,
उकंडराव

ता. क. पुढचा चेंबर बंदोबस्तात आहे, पण मागं गिअरबॉक्स अजून उघडाच आहे. आप्पांनी या कढईची जोडीची कढई तुमच्याकडं ठेवली होती, ती तुमच्या कडब्याच्या खोलीत पालथी आहे असं ऐकतो. तुमी आता कुकर वापरता. जास्त काय लिहू, रामराम मोठ्यानं घातला आहेच.

ता. क. २. पाकिटाला खळ लावून हे तुमच्या ताईच्याच हाती देतो आहे. उद्या ती औंढ्याच्या बाजारला जाईल, वसमतच्या गाडीच्या कंडक्टरला देईल. तिला दुसऱ्याचं वाचायचा सोस न्हाई.

बाळू, खळ ओलीच होती. यांनी लिहिलं ते बरंच खरं हाय, पण कढईवरचं नाव मी चार लेकरांची आई व्हायच्या आधीच झिजून गेलं होतं. ते अमरसिंगनं आदल्या संध्याकाळी ठोकलं, मी चुलाणाच्या तोंडाशी कंदील धरून अक्षर सांगत होते. मळ्यात जाऊन रडत बसलेलं माणूस मला घरातून दिसतं. राग मला आला होता, अजून थोडा हाय, पण जीप गेली असती तर ह्यांना घरात ठेवावं कुठं? दुसरी कढई पाठव, पण एसटीनं पाठव आणि माझ्या नावानं पाठव. कोंबड्या थंडीत बाजेवर झोपून राहिल्या हायत. नावाचं यांना सांगू नको. सध्या लई खुश हायत, तसेच ऱ्हाऊ दे.

तुझी ताई