पिस्ता रंगाची अँबॅसिडर

१२ जानेवारी, रविवार

अब्बा, या वहीत तुमच्यासाठी शेवटचं पान लिहिलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. माफ करा. कामं होती हे खरं, पण कामं कुणाला नसतात? तुम्हाला सांगावं असं काही हाताशी नव्हतं, आणि रडगाणं तुम्ही ऐकून घेतलं नसतं. आज सांगण्यासारखं आहे.

काल आमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या छंदांचं प्रदर्शन होतं आणि मी माझ्या गाड्या मांडल्या होत्या. तुमची लेक, सेहेचाळीस वर्षांची, पोरांना रसायनशास्त्र शिकवणारी, खेळण्यातल्या गाड्या जमवते हे तुम्हाला कसं वाटेल, याचा मी बरेचदा विचार करते. ओतीव धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या गाड्या. बनतात आत्ताच, पण तोंडवळा तुमच्या वडवणीच्या गॅरेजात यायच्या त्या गाड्यांचा: गोल दिवे, पोट सुटलेलं बॉनेट, उघडणारी दारं. घरी काचेच्या कपाटात अशा एकेचाळीस आहेत. चाळीस जशा आल्या तशा. एकीला मी रंग दिला.

तो रंग तुम्ही ओळखाल. आपल्या डॉक्टरसाहेबांची क्रीम अँबॅसिडर तुम्ही पिस्ता रंगाची केली होती. मी नऊ वर्षांची. तुम्ही जेवायला घरी गेलेले, आणि मी गाडीभोवती फिरतेय. पुढच्या दाराच्या आतल्या कडेला बोटभर क्रीम पट्टी तशीच राहिलेली दिसते. मला वाटतं, अब्बांची नजर चुकली. मी ब्रश घेते आणि पट्टी पिस्ता करून टाकते. तुम्ही परत येता, दार उघडता, थबकता. ‘काय्कू हात लगाई?’ आयुष्यात एवढं एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. मग थिनरमध्ये फडकं बुडवून तुम्ही माझा ओला रंग हलक्या हाताने पुसून काढलात. खालून क्रीम पट्टी जशीच्या तशी वर आली. गाडी कितीही नवी दिसली तरी तिचा जन्माचा रंग कुठेतरी दिसला पाहिजे, तुम्ही म्हणालात, म्हणजे पुढच्या पेंटरला कळतं की आपल्या आधी काय होतं. प्रत्येक गाडीत तुम्ही ती पट्टी झाकून मगच रंगाची स्प्रे-गन हातात घ्यायचात. त्याच संध्याकाळी गनमधल्या उरलेल्या पिस्त्यात तुम्ही माझी लाल लोखंडी मोटार रंगवून दिलीत, तिच्याही दारात लाल पट्टी ठेवून. घर बदलताना ती हरवली. तिच्याच जागी ही अँबॅसिडर.

काल पाटोद्याचे एक निवृत्त गुरुजी आले. तेही गाड्या जमवतात, पण डब्याचं सील न फोडता. त्यांनी चष्मा पुसला, अँबॅसिडर उचलली आणि पुन्हा चष्मा पुसला.

“मॅडम, ही कुठं घावली? ह्या मॉडेलात पिस्ता निघालाच न्हाई.”

“मूळची क्रीम होती, गुरुजी. रंग मी दिलाय.”

“चेष्टा करता का म्हाताऱ्याची? हातानं दिलेला रंग असा बसतो व्हय? थेंब न्हाई, लाट न्हाई. खरं सांगा, कुठून मागवली? मी काय पळवून नेत न्हाई.”

“वडवणीच्या पेंटरची लेक आहे मी.”

“स्टँडामागच्या?” त्यांनी गाडी दोन्ही हातांत धरली. “मंग आधी सांगायचं की! आमच्या सरपंचाची जीप त्यांनीच रंगवलती. इंजिन गेलं, सरपंचकी गेली, रंग काय गेला न्हाई.”

भोवतीचे सगळे हसले. अब्बा, शेजारी आमच्या प्राचार्य बाई उभ्या होत्या. पदवीच्या दिवशी मी अशी ताठ उभी नव्हते. मी दार उघडून पट्टी दाखवली, तुमची रीत सांगितली, आणि म्हणाले, “मीही तीच पाळते.”

गुरुजींनी गाडी खिडकीच्या उजेडात धरली. “पण ही तर राखाडी दिसती. क्रीम कुठंय?”

“उजेडामुळे तसं वाटतं,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर नव्हे, तुमच्यावर विश्वास ठेवून डोलावली असणार. उजेडाचा त्यात काही दोष नव्हता. रंग द्यायच्या दिवशी पट्टी झाकायची मी विसरले. पिस्ता इतका छान बसत होता की दुसरं काही सुचलंच नाही. दोन दिवसांनी आठवलं तेव्हा रंग वाळून कडक झाला होता. मग मी ब्लेडने खरवडलं. पिस्ता गेला, त्याच्याबरोबर क्रीमही गेला, आणि खालचा धातू उघडा पडला. नवव्या वर्षी केली तीच चूक मी परत केली, फक्त या वेळी रंग ओला नव्हता आणि फडकं घेऊन तुम्ही नव्हतात.

तरी एक खरं. रंग चांगला बसलाय, अब्बा. गुरुजी फसले ते पट्टीला, रंगाला नाही. तो हात तुमच्याकडूनच आला. तुम्हाला मराठी वाचता यायची ती गाड्यांच्या पाट्यांपुरती, त्यामुळे हे पान तुमच्यापर्यंत पोचलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि ब्लेडचं वाक्य मी बहुतेक गाळलं असतं.

उद्या: अँबॅसिडरच्या तळाला बारीक ब्रशने लिहिणे — मूळ रंग क्रीम, पट्टी मागाहून खरवडलेली — आणि गाडी घेऊन पाटोद्याला गुरुजींकडे जाणे.