पंचबाईंची ओटी

चामराजपुरम, म्हैसूर
सोमवार

प्रिय जगन्नाथराव यांस, रंगनाथचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल, फक्त तुमच्या अक्कांची, म्हणजे आमच्या सौ.ची, तीन देशांत चौकशी चालू आहे. घाबरू नका, आधी पाणी प्या.

त्याचं असं झालं. आपली नात वनजा इथल्या आंतरराष्ट्रीय कॅरम स्पर्धेत उपांत्य सामन्यापर्यंत पोचली. शनिवारी कोलंबोच्या एक पंचबाई माझ्या दुकानात कोटाचं बटण लावायला आल्या. (पितळी बटण, मागे कडी असलेलं, हल्ली बघायला मिळत नाही.) बाई एवढ्या लांबून आलेल्या, म्हणून अक्कांनी आत बोलावून कॉफी दिली आणि सवयीने ओटी भरली. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. वनजाच्या सामन्याला त्याच पंच, हे कुणाला ठाऊक!

बाई प्रामाणिक. ओटी आनंदाने घेतली आणि संध्याकाळी भेटवस्तूंच्या तक्त्यात लिहूनही टाकली. खेळात लाचलुचपत नको म्हणून आपण आणि शेजारच्या देशांनी मिळून काठमांडूत एक समिती नेमलेली आहे म्हणे. कोलंबोने काठमांडूला कळवलं, काठमांडूने दिल्लीला, आणि दिल्लीच्या साहेबांचा मला फोन! मला नवलच वाटलं. आमच्या गल्लीत दोन घरांचं एका गटारावर एकमत होत नाही, आणि हे तीन देश एका नारळावर इतकं मन लावून बोलतात? मी विचारलं, "साहेब, काठमांडूत नारळ मिळतो का हो?" ते म्हणाले, "आजोबा, प्रश्न मी विचारतोय." माणूस गोड. नारळ-तांदूळ सोडून दिले. अडलंय ब्लाउजपीसवर. त्याला किंमत आहे असं ठरलं, तर वनजा बाद. शुक्रवारी निकाल. पोर धड जेवत नाही, ताटात बोटाने टिचक्या मारत बसते. (काल भेंडी थेट माझ्या आमटीत.)

आता मी शिंपी. त्या तुकड्यातून बाह्या निघत नाहीत, हे मला ठाऊक. शिवता न येणाऱ्या कापडाची किंमत काय? पण तसं लिहून दिलं, तर अक्कांनी पाहुणीला आखूड कापड दिलं, हे तीन देशांच्या दप्तरांत कायमचं राहणार.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. ते कापड तुमच्या वास्तुशांतीत मिळालेलं असावं. 'आमच्याकडूनच आखूड आलं' अशा दोन ओळी, सही करून, लगेच पाठवाल का? तुम्हाला दिल्लीत कोण ओळखतंय!

ता. क. दुसरा, अक्काकडून. जगू, तू सुम्मने बस, अगदी गप्प, काही पाठवू नकोस. ते कापड गिऱ्हाइकाच्या कापडातून यांनीच वाचवलेलं. मी दिल्लीला फोन करून सांगून टाकलं. साहेब खूप हसले. पंच बदलतील, वनजा खेळेल. तेवढं यांच्या कात्रीचं प्रकरण कुठल्या देशाकडे पाठवायचं, ते विचारून सांगतो म्हणाले.