वडिलांच्या नावाचा रकाना

सोमवार, ९ सप्टेंबर १९९६
ट्रेलॉनी फ्लॅट, कॅलिफोर्निया

पोचलो. फ्रीमाँटहून चार तास ड्राइव्ह, त्यातला शेवटचा तास नुसता डोंगर आणि पाइनची झाडं. गाव म्हणजे एक रस्ता, तीन चर्च आणि बंद पडलेली सोन्याची खाण. हवा मात्र झकास. अपर्णाने बांधून दिलेला चिवडा निम्म्या वाटेत संपवला, त्यामुळे मीही झकास.

काम महिनाभराचं आहे. इंग्लंडच्या शेपटाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तिथले खाणमजूर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोटासाठी इथे आले आणि आता त्यांच्या पणतवंडांनी एक मंडळ काढलंय. मंडळाकडे बुटांच्या खोक्यांत भरलेली साडेतीन हजार कार्डं आहेत. कोण कोणाचा मुलगा, कुठल्या बोटीनं आला, कुठल्या बोगद्यात मेला. ती कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि बटण दाबलं की वंशावळ छापून येईल असा प्रोग्रॅम लिहून द्यायचा. नागपूरला रात्रंदिवस घोकून इंजिनीअर झालो तो गोऱ्यांचे आजे-पणजे मोजायला.

मंडळाच्या चिटणीस मिसेस पॅस्को, वय पंचाहत्तरच्या आसपास. खाली कचेरी, वर माझी खोली. आल्या आल्या त्यांनी मला पेस्टी खायला दिली. पेस्टी म्हणजे हातभर करंजी, आत बटाटा आणि मांस, कडेला जाड मुरड. मुरड खायची नसते म्हणाल्या, ती खाणीत टाकायची. खाली मेलेले मजूर भिंतीवर ठोकत असतात म्हणे, त्यांचा तो वाटा. मी मान डोलावली आणि मुरडही खाऊन टाकली.

बुधवार, ११ सप्टेंबर

या लोकांना उद्योग नाहीत. आज सॅक्रामेंटोहून एक गृहस्थ आला, छातीवर ढालतलवारीचं चित्र असलेला टी-शर्ट घालून. आपल्या अंगात कॉर्नवॉलच्या राजाचं रक्त आहे असं त्यानं मला पाऊण तास समजावलं. पणजोबा खाणीत ढकलगाडी ढकलत होता, तेवढं मात्र घाईघाईत उरकलं. दुपारी एक बाई आली आणि एक पिवळं कार्ड छातीशी धरून रडली. कार्डावर फक्त एवढंच होतं की अमुक माणूस अमुक साली जुलाबानं मेला.

हसू येतं, पण आपल्यात तरी काय वेगळं आहे. आमच्या कंपनीचा मालक शशिकांत मूळचा पुण्याचा. त्याच्या टाउनहाउसमध्ये काचेच्या टेबलावर त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तान्त ठेवलेला असतो, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा. कितवी पिढी, कुठली शाखा, सगळं छापलेलं. पहिल्याच भेटीत त्यानं मला विचारलं होतं, तुम्ही मूळचे कुठले, म्हणजे कोणाचे? हा प्रश्न आम्हाला नवा नाही.

माझ्या आजोबांचं नाव गावच्या कागदावर नुसतं धोंड्या असं आहे, पुढे काही नाही. मेलेली ढोरं ओढायची, एवढीच काय ती घराण्याची परंपरा. बाबा वीस वर्षांचे असताना दीक्षाभूमीवर उभे राहिले आणि मागचं सगळं तिथेच टाकून घरी आले. पुढे पोस्टात सॉर्टर झाले आणि अडतीस वर्षं दुसऱ्यांची नावं वाचून बरोबर खणात टाकत राहिले. आमची वंशावळ बाबांपासून सुरू होते. मला एक बाप पुरतो, आणि तो राजाच्या तोडीचा आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर

प्रोग्रॅम चालू झाला. मिसेस पॅस्कोंचा हट्ट असा की वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा असेल तर कॉम्प्युटरनं माणूस घ्यायचाच नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. तसं करून दिलं.

टेस्टिंगसाठी मूलबाळ नसलेला एक माणूस हवा होता, त्याच्याखाली खोटी नोंद करून बघायला. जेम्स ट्रेवास्किस सापडला. १८९१ साली खाणीत पाणी शिरलं त्यात गेला. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, प्रेत वर आलं नाही. त्याच्याखाली मुलगा म्हणून मी माझंच नाव टाकलं, राकेश रामटेके. बटण दाबलं आणि छान वंशावळ आली. टेस्टिंगला आपलंच नाव वापरायची आम्हा प्रोग्रॅमर लोकांची खोड असते.

सकाळी बाबांना फोन केला तेव्हा गंमत म्हणून हे सांगितलं. ते हसले. मग म्हणाले, काढून टाक ते. मी हो म्हटलं.

रविवार, २२ सप्टेंबर

आज मंडळाचा वार्षिक सोहळा झाला. भर दुपारी, टळटळीत उन्हात, सत्तरेक माणसं खाणीच्या तोंडाशी जमली होती. तोंड म्हणजे जाळी घातलेली एक विहीर, तळ दिसत नाही. १८९१च्या पुरात गेलेल्यांची नावं पुकारतात, आणि ज्याचा त्याचा वंशज पुढे होऊन हजेरी देतो. आजाच्या वतीनं, पणजाच्या वतीनं. मग जाळीतून पेस्टीची मुरड खाली टाकतो. शाळेत मास्तर हजेरी घेतात तसं, फक्त इथली पोरं साठीची.

ट्रेवास्किसच्या नावाला एकशे पाच वर्षांत कोणी ओ दिलेली नाही. त्याच्या नावापुढे सगळे मिनिटभर गप्प राहतात, अशी पद्धत.

यंदाची यादी माझ्या प्रोग्रॅममधून छापलेली. मिसेस पॅस्कोंनी जेम्स ट्रेवास्किस पुकारलं, थांबल्या, चष्मा सारखा केला आणि पुढे वाचलं, मुलगा, राकेश रामटेके. सत्तर माना माझ्याकडे वळल्या.

नोंद काढायची राहून गेली होती. आता क्लायंटच्या समोर, पहिल्याच रिपोर्टमध्ये बग निघाला हे कोण कबूल करेल? उद्या शशिकांतच्या कानावर गेलं असतं. मी हसत पुढे झालो, हजर म्हटलं आणि हातातली मुरड खाली टाकली. गंमत समजून लोक हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही, काही बायकांनी डोळे पुसले. मूर्ख लेकाचे.

मुरड खाली गेली आणि बऱ्याच वेळानं तीनदा ठोकल्यासारखा आवाज आला. खाली दगड सुटले असतील.

मंगळवार, २४ सप्टेंबर

नोंद डिलीट केली. जेवून आलो तर परत होती. पुन्हा डिलीट केली, नोंदींच्या टेबलाचा इंडेक्स नव्यानं बांधला. परत. डिलीटचं बटण दाबलं की जमिनीखाली ठोकतात. तीनदा. मिसेस पॅस्कोंना विचारलं तर म्हणाल्या, गावाखाली सगळे बोगदेच आहेत.

बग आहे. सापडेल.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

पगाराचा चेक आला. नावात मधे डी. असायचा, तिथे जे. आलाय. शशिकांतला फोन केला तर म्हणाला, अरे यार, तुझं पहिल्यापासून जेच आहे, फाइल समोर आहे माझ्या. एरवी दहा पिढ्या पाठ म्हणणारा माणूस.

पासपोर्ट काढला. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असतं. जेम्स.

कोणीतरी चेष्टा करतंय. पासपोर्टमध्ये कोण करणार पण?

रविवार, २९ सप्टेंबर

सकाळी आठला नागपूरला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेआठ. बाबांनीच उचलला. तोच आवाज, तोच खोकला. मी म्हटलं, बाबा, मी राकेश.

 ते अगदी सभ्यपणे म्हणाले, “माफ करा, ओळखलं नाही. आपण कोणाचे म्हणालात?”

बाबा. आयुष्यभर ज्यांनी हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारला नाही. गावात कोणी विचारला तर म्हणायचे, हा नाव नाही विचारत, जात विचारतो.

मी काय काय सांगितलं आठवत नाही. शाळा, सायकल, आईचं आजारपण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आम्हाला मूल झालं नाही, म्हणाले, पण तुम्ही चांगल्या घरचे वाटता. मी रडलो, लाज न बाळगता रडलो.

मंगळवार, १ ऑक्टोबर. फ्रीमाँट

घरी आलो. अपर्णाला एकेक करून सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “राकेश, तुझे बाबा तर तू जन्मायच्या आधीच गेले ना, खाणीत?”

आमच्या लग्नाचा अल्बम बघितला. मी उभा आहे, ती उभी आहे. माझ्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडलेली.

आणि एक गोष्ट. बाबांचं नाव— संपूर्ण नाव लिहायला बसलो. राकेश, मग— मग रामटेके. मधलं येत नाहीये. अमेरिकेत आल्यावर मधलं नाव मी स्वतःच गाळून नुसतं डी. ठेवलं होतं. या लोकांना उच्चारता येत नाही म्हणून.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. ट्रेलॉनी फ्लॅट

मिसेस पॅस्कोंना सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत, त्यांना आनंद झाला. बिचारा इतकी वर्षं एकटा होता, म्हणाल्या. मी त्यांच्यावर ओरडलो, पाऊणशे वर्षांच्या बाईवर. तरी शांतपणे चहा ओतत राहिल्या.

उपाय एकच, म्हणाल्या. खाणीच्या तोंडाशी दिलेली ओ तिथेच परत घेता येते. रविवारी भर दुपारी तिथे उभं राहायचं आणि आपल्या खऱ्या बापाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. फक्त ते माहीत पाहिजे.

ही सगळी डायरी उलटून पाहिली. मी सगळीकडे बाबा लिहिलंय. बाबा, बाबा, बाबा. आपल्यात बापाचं नाव कोण घेतं? ज्याच्या त्याच्या बापाला नावानिशी ओळखतो मी, साडेतीन हजार कार्डं पाठ आहेत. माझाच—

शनिवार, ५ ऑक्टोबर

पुन्हा फोन केला. म्हटलं, काही मागत नाही, फक्त तुमचं नाव सांगा.

 मग ते म्हणाले, “नाव विचारणाऱ्यांना आयुष्यभर नाव सांगत आलो. आता नाही सांगत.” आणि ठेवला.

किती बरोबर बोलले. किती अभिमान वाटला मला. आणि मी भिंतीवर डोकं—

त्यानंतर फोन लागत नाही. असा नंबर नाही म्हणतात.

दिवसाही ठोकतात आता. तीनदा. थांबून तीनदा. खोलीखाली नाही, जिन्यात.

रविवार, ६ ऑक्टोबर. दुपार

खाणीपाशी बसलोय. लख्ख ऊन आहे. जाळी कोणीतरी काढून ठेवलीय.

डी. वरून जेवढी आठवली तेवढी नावं घेतली. दादाराव. दशरथ. दौलत. दिगंबर. प्रत्येक नावाला खालून एक ठोका. नाही. नाही. नाही.

एक बाप पुरतो म्हणालो होतो मी—

डोळे मिटून बाबांचा चेहरा आणतो. पोस्टाची खाकी, कानामागे पेन्सिल, आणि— डोक्यावर मेणबत्ती लावलेली, खाणमजुराची टोपी. नाही. ती त्यांची नाही. बाबांच्या डोक्याला टोपी नसायची. केस— केस ओले आहेत. अंगावरून पाणी ठिबकतंय.

ठोकणं थांबलं.

खालून हाक येतेय. माझं नाव. आईसारखं, शेवटी जरा लांबवून. मी ओ देणार नाही. तोंडावर हात दाबून बसलोय. दुसऱ्या हातानं लिहितोय. ओ देणार नाही.

इंग्रजीत नाही, मराठीत बोलतोय. जेवलास का विचारतोय. घरची माणसं विचारतात तसं. इतक्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं—

वय सव्वीस. माझ्याहून लहान आहे आवाज. घाबरलेला आहे. पाणी चढतंय म्हणतो. अंधार आहे, हात दे म्हणतो. कोणी येईना म्हणतो. पोरा, तू तरी—

नाही.

मी त्याचा कोणी नाही. मी— चा मुलगा. मी— चा—

हात दिसतोय. एवढासा वर राहिलाय. वाकलं की पोचेल.

आलो, बा—