भाड्याची नसलेली गाडी

नवापूर (जि. पालघर)

चि. शैलेश यास कमलाकांत भावोजींचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस. तुझी विजयाताई बरी आहे. तात्यांचं पुढे लिहितो. आधी गाडीचं लिहितो, म्हणजे तू वाचशील.

चेन्नईला बदली झाली तेव्हा तू तुझी विजेवरची गाडी आमच्या अंगणात ठेवून गेलास. परवा तात्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. (बोईसरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. तेव्हाच आम्ही काय ते समजलो.) पण तुझ्या वडिलांचा हट्ट तुला ठाऊक. मासेमारीची होडी सोडून तू वापीला केमिकलच्या कंपनीत लागलास, तेव्हापासून तुझ्या पैशाच्या कशालाही ते शिवत नाहीत. म्हणून आम्ही गाडी भाड्याची आहे असं सांगितलं. नंबर गुजरातचा, पाटी हिरवी, त्यामुळे खोटं शोभून दिसलं. तात्या मुकाट मागे बसले.

त्यांना गरम होऊ नये म्हणून एसी लावला, तर मुंबईत पोचेपर्यंत बॅटरी तळाला. हॉस्पिटलखाली चार्जर होता, पण त्याचा ओटीपी जातो तुझ्या मोबाइलवर. (वर डॉक्टर विजयाला सांगत होते की आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. खाली मी तुला फोन लावत होतो.) शेवटी तू मेसेजवर नुसते आकडे पाठवलेस. मुंबईत कशाला आलात, एवढंही विचारलं नाहीस. गाडी मात्र चार्ज झाली.

परतताना दहिसरला हवालदाराने गुजरातचा नंबर बघून अडवलं. गाडी कोणाची, म्हणाला. तात्या ऐकत होते, म्हणून मी म्हणालो, भाड्याची. झालं. खाजगी गाडी भाड्याने लावता, तीही परराज्यातली, म्हणून त्याने मला खाली उतरवलं. मी घामाघूम. तेवढ्यात मागची काच खाली आली.

"सायब, गाडी माझ्या पोराची हाय. कागद बघा. त्याच्या नावाम्होरं माझं नाव हाय."

हवालदाराने कागद पाहिले, तात्यांच्या हाताला लावलेली सुई पाहिली आणि जा म्हणाला.

विजयाने विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत? तर म्हणाले, "अंगणात उभी ती मला दिसत नाय काय? तुमी मला फसवताव, मी बसताव."

पालघर येईपर्यंत विजया खिडकीबाहेर बघत रडत होती.

तुझा,
कमलाकांत

ता. क. गाडीचा विमा संपत आलाय आणि आरटीओत तुझी सही लागेल. स्वतः यावं लागेल.

ता. क. सही ऑनलाइनही चालते, मी चौकशी केली. पण शैलेशला बोलवू का असं तात्यांना विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गाडी न्याला येल तवा येल." तर तू गाडी न्यायलाच ये. विमानाने ये. गाडीची मला काही घाई नाही.