जागा धरायला गेलो होतो

१ डिसेंबर, रविवार. अल नहदा, दुबई.

क्रूझ बुक झाली. चार रात्री, दुबई ते मस्कत आणि परत. सगळं शोभनानेच ठरवलं, मला फक्त ओटीपी विचारला. मी दिला. आता मागे फिरणं नाही.

सांगलीहून सासरे नाना आणि सासूबाई येणार, पुण्याहून मेहुणा अंकुर आणि त्याची बायको वैभवी. इथून मी, शोभना आणि सिद्धांत.

मला समुद्राची भीती वाटते असं नाही. समुद्राबद्दल मला माहिती जास्त आहे, एवढंच. जबल अली बंदरात शिपिंगमध्ये आयुष्य गेलं. डॉक्युमेंटेशन बघतो, पण शिपिंग ते शिपिंग. खिडकीतून जहाज दिसत नाही. पार्किंगमधून दिसतं, धूळ नसली तर.

नाना मात्र सांगलीभर सांगतात, आमचे जावई जहाजावर असतात. मी एकदा दुरुस्त करणार होतो. पण तेव्हा लग्न नुकतंच ठरत होतं, म्हणून राहिलं.

८ डिसेंबर, रविवार

संकल्प: रोज पोहणे. बिल्डिंगच्या गच्चीवर पूल आहे, मेंटेनन्स आपण भरतोच.

आज पाण्यात उतरलो. उभा राहिलो. बाहेर आलो. सुरुवात म्हणून वाईट नाही. सिद्धांत म्हणाला, डॅड, धिस इज द बेबी साइड. त्याला सांगितलं की कुठल्याही गोष्टीचा पाया पक्का लागतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

पोहणं बंद. पाण्यात क्लोरीन फार. डोळे जातील.

त्याऐवजी स्वतःचं लाइफ जॅकेट आणलं. नव्वद दिरहम, म्हणजे दोन हजाराच्या वर गेलंच. शोभना म्हणाली, अहो, जहाजावर देतात की. मी म्हटलं, दुसऱ्याने घातलेलं मी घालत नाही. खलास, विषय संपला.

२१ डिसेंबर, शनिवार

मंडळी आली. भडंगाच्या एवढ्या पिशव्या की कस्टमवाल्याने विचारलं, हबीबी, हे पक्ष्यांचं खाद्य आहे का. नानांनी त्याला मूठभर दिलं. तो खुश.

सासूबाईंनी मला गॅलरीत बोलावून घेतलं. एकोणीसच्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं आणि त्या माळ्यावर अडकल्या होत्या. तेव्हापासून बादली भरल्याचा आवाजही त्यांना सोसत नाही. म्हणाल्या, सुरेशराव, मी येणारच नव्हते. तुम्ही जहाजातले, तुम्ही बरोबर असणार, या एका भरवशावर आले.

या वेळीही दुरुस्त करायचं राहिलं. उलट मी म्हटलं, आई, काही झालं तर आधी तुमचा हात धरीन, तुम्हाला बोटीत बसवीन, मग बाकीचं जग. शब्द दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं पाणी त्यांना चालतं बहुतेक.

जेवताना नानांनी पुराची गोष्ट सांगितली. मदतीची बोट आली तेव्हा सगळ्यांच्या आधी उडी मारून ते चढले. कशासाठी, तर घरच्यांना जागा धरायला. एस्टीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. सत्तरीचा माणूस आणि केवढं प्रसंगावधान. सासूबाई ऐकायला थांबल्या नाहीत. पापड भाजायला आत गेल्या.

२६ डिसेंबर, गुरुवार. जहाजावर.

एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं हे मला आतून कधीच पटलेलं नाही. कागदोपत्री रोज मान्य करतो, ते वेगळं.

धक्का आणि जहाज यांच्यात फट असते. फटीत खाली काळं पाणी. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांना धीर देत देत वर गेलो. शोभना म्हणते, मीच डोळे मिटले होते आणि त्या मला ओढत होत्या. तिला मागून नीट दिसलं नसेल.

खिडकी नसलेली, आतली केबिन मी काउंटरवर मुद्दाम बदलून घेतली. शोभना म्हणाली, समुद्र दिसणार नाही. मी म्हटलं, समुद्रालाही आपण दिसणार नाही.

प्रवाशांच्या सेफ्टी ड्रिलला दोन तास आधीच जाऊन उभा राहिलो. तिथल्या ऑफिसर बाईंना विचारलं, लाइफबोटीतल्या बाकांवर नंबर असतात का. नसतात म्हणे. म्हणजे जो पहिला येईल त्याची जागा. हे ऐकून बरं वाटलं नाही.

मग सगळ्यांना आमच्या केबिनमध्ये बसवून मीच ब्रीफिंग दिलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे इमर्जन्सी. लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं. धावायचं नाही. म्हाताऱ्यांना आधी. अंकुर जांभया देत होता. सासूबाईंनी मात्र शब्दकोड्याच्या कडेला सगळं लिहून घेतलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार. समुद्रात.

हलतंय.

केबिन आवरायला येणारा जहूर दापोलीचा आहे. म्हणाला, साहेब, समुद्र आज ताटासारखा पडलाय. मग ताट हलतंय.

दुपारी सगळे पूलवर. मी केबिनमध्ये राहून परिस्थितीवर लक्ष ठेवलं. मध्येच भिंतीतून टक्‌ असा आवाज येतो. तो कशाचा, हे कोणी सांगत नाही. विचारायला फोन केला तर त्यांनी सूप हवं का विचारलं.

काल लाइफ जॅकेट घालूनच झोपलो. शोभना म्हणाली, कूस बदललीत की चरचर होतं, माझी झोप मोडते. मी म्हटलं, विधवा झाल्यावर निवांत झोप. ती उठून वैभवीच्या केबिनमध्ये गेली.

जेवण गेलं नाही. बाम लावलेला रुमाल नाकाला धरून पडलोय. नाना म्हणे वर एका केरळी कुटुंबाला सांगत होते की जावई खाली इंजिन बघायला गेलेत. मी बाथरूममध्ये होतो.

खरं लिहू का? हातपाय गार पडतात. डोळे मिटले की खाली किती खोल आहे तेच दिसतं. हे पित्तामुळे असावं.

२८ डिसेंबर, शनिवार. मस्कत.

जहाज धक्क्याला लागलं. मंडळी सूक, म्हणजे तिथला बाजार, बघायला उतरली. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या थांबल्या. त्यांच्यासाठी मी थांबलो. परत ती फट ओलांडायची, हा मुद्दाच नव्हता.

त्या आमच्या केबिनमध्ये शब्दकोडं सोडवत बसल्या. मी बाथरूममध्ये गेलो. आतून स्पीकरवर काहीतरी घोषणा ऐकू आली. नळ सुरू होता, शब्द कळले नाहीत. मग भोंगे. मोजले. सात छोटे. एक लांब.

पुढचं नीट आठवत नाही. बाथरूमचं दार उघडलं. समोर काहीतरी आडवं आलं, टॉवेल असावा, तो बाजूला केला. मग जिने.

त्यानंतर मी लाइफबोटीत होतो. एकदम आतल्या कोपऱ्यात, बाकाखालची कडी धरून. हेल्मेट घातलेली सात-आठ माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यात जहूर. तो हळूच म्हणाला, साहेब, ही स्टाफची प्रॅक्टिस आहे, तीनदा अनाउन्स केलं. जहाज दोरांनी बांधलंय. मी बोटीच्या दारातून बाहेर पाहिलं. खाली धक्का होता. धक्क्यावर टॅक्सी उभी होती आणि तिच्या सावलीत मांजर झोपलं होतं.

ते म्हणाले, यल्ला साहेब, बाहेर या. माझे पाय ऐकेनात. हाताची बोटं कडीवरून सुटेनात.

मग सासूबाई आल्या. जिन्याने, एकेक पायरी, तो गुडघा घेऊन. लिफ्ट वापरायची नाही हे मीच शिकवलं होतं. त्यांच्या हातात माझी एक चप्पल होती, जिन्यात पडलेली. श्वास लागला होता. बोटीच्या दाराशी उभ्या राहिल्या, खाली पाहिलं नाही, चप्पल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, चला सुरेशराव, चहा घेऊ.

जेवणाच्या वेळी जहूर टेबलाशी येऊन आपुलकीने विचारून गेला, साहेब, आता बरं वाटतंय ना, सकाळी बोटीत फार घाबरला होतात. सगळ्यांचे चमचे थांबले. अंकुरने विचारलं, कुठल्या बोटीत. शोभना माझ्याकडे बघायला लागली.

सासूबाई भाताला वरण ओतत म्हणाल्या, ते जागा धरायला गेले होते.

नाना बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरोबर आहे, कोणीतरी पुढे जावंच लागतं. आणि गुलाबजाम न घेताच उठले. नाना किती समजूतदार आहेत. गोड सोडलंय बहुतेक.

२९ डिसेंबर, रविवार. परतीचा समुद्र.

शांतपणे विचार केला. सासूबाई म्हणतात तेच खरं आहे. मी जागाच धरायला गेलो होतो. घाईत मला स्वतःलाच ते लक्षात आलं नाही. माझा बामवाला रुमालही बोटीतच राहिलाय, म्हणजे पुरावा आहे. बाकांवर नंबर नसतात हे कोणाला माहीत होतं? मलाच. मग पुढे कोण जाणार? मीच. ऑफिसच्या सेफ्टी वीकला यावर प्रेझेंटेशन करता येईल.

सिद्धांतला समजावून सांगितलं. त्याने विचारलं, फॉर हाऊ मेनी पीपल, डॅड? मी म्हटलं, सगळ्यांसाठी. तो ओके म्हणाला आणि आजीजवळ जाऊन बसला.

दुपारी वारा सुटला. आज खरंच हलत होतं, जहूरनेही मान्य केलं. मी पलंगाची कड धरून होतो. दार वाजलं. सासूबाई. एका हाताने भिंत धरत आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. म्हणाल्या, मलाही वाटते भीती. दोघं असलं की कमी वाटते.

मग आपणहूनच बोलल्या. पुरात दोन दिवस माळ्यावर काढले. बोट आली, नाना चढले आणि बोट भरली. बोटवाले थांबायला तयार नव्हते. सासूबाई वरून हात पुढे करून उभ्या होत्या. बोट परत आली ती संध्याकाळी. नाना तिच्यातूनच परत आले आणि म्हणाले, अगं, मी जागा धरली होती, त्यांनी ऐकलं नाही. सासूबाई म्हणाल्या, मी बरं म्हटलं. त्या माणसाबरोबर अजून राहायचं होतं, दुसरं काय म्हणणार. पाच वर्षं तीच गोष्ट ऐकतेय. आता त्यांना ती खरीच वाटते.

मग त्या म्हणाल्या, काल दारात तो टॉवेल नव्हता, सुरेशराव. माझा हात होता.

मी त्यांना टॉवेलचं सांगितल्याचं मला आठवत नाही. काल झोपेत बडबडलो असेन आणि शोभनाने त्यांना सांगितलं असेल.

फार लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. (हे वाक्य नंतर खोडायचं आहे.)

३० डिसेंबर, सोमवार. अल नहदा.

जमीन. पार्किंगमध्ये वाकून हात लावला. वॉचमनने विचारलं, काय पडलं साहेब.

उतरताना जहूरने एक पाकीट दिलं. आत माझा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला. घरी आल्यावर मी तो सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, जागा धरल्याची खूण. सिद्धांतने तो उलटसुलट केला, पाकिटात पुन्हा बघितलं आणि म्हणाला, ओन्ली वन?

अंकुर हसायला लागला. नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. रुमाल सासूबाईंनी घडी करून आपल्या पर्समध्ये टाकला.

एक रुमाल लांब पसरला तर त्यावर दोघं बसू शकतात. हे मला तेव्हा सुचलं नाही.

२ जानेवारी, गुरुवार

मंडळींना एअरपोर्टला सोडलं. ऑफिसमधून लवकर निघालो. नाना आत जाताना कोणाला तरी सांगत होते, आमचे जावई जहाजात आहेत. मी पुढे झालो आणि म्हटलं, नाना, मी डॉक्युमेंटेशनला आहे. जहाजावर नसतो. मला पोहताही येत नाही. त्यांना ऐकू आलं नसावं. ट्रॉलीचा आवाज फार होता.

सासूबाईंना ऐकू आलं. त्यांनी पर्समधून माझा रुमाल काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, आई, पुन्हा या, इन्शाल्ला. त्या म्हणाल्या, येईन की. पुढच्या वेळी दोन टाका.

घरी आलो.

संकल्प: यापुढे खिशात कायम दोन रुमाल.

कपाट उघडून पाहिलं. धुतलेला एकही नव्हता. जो आहे तो खिशातला.