ताईसाठी एक डबल

४ मार्च
भाच्याचा फोन. शहरातल्या हॉस्पिटलात ताईचं ऑपरेशन नीट झालं, पण अन्न जात नाही. म्हणते, "आपल्या गावचं डबल मिळालं तर दोन घास खाईन." डॉक्टरांची हरकत नाही. डोळ्यांत पाणी आलं (माझ्या). शहरात सगळं मिळतं, डबल फक्त आमच्याकडे. लांबट पाव, आत अंडं, बटाटा, लसणाचा आंबट सॉस, तव्यावर दोनदा दाबलेलं. उद्या पहिल्या बसने निघणार. ठरलं.

५ मार्च
बस हुकली. चूक बसची. वेळेवर सुटली.

६ मार्च, सकाळी ९
डबल घेतलं. दुकानदारकाकांनी बजावलं, "दोन तासांच्या आत खा. नंतर चिवट होतं आणि नाव आमचं जातं." प्रवास साडेतीन तासांचा. हे बस सुटल्यावर लक्षात आलं.

११.१०
खाल्लं. इलाजच नव्हता. चिवट डबल खाऊन ताईने अख्ख्या वॉर्डासमोर तोंड वाकडं केलं असतं, तर गावाची काय अब्रू राहिली असती?

दुपारी २
ताई फार वाळलीय. दुकान बंद होतं, असं सांगितलं. ती म्हणाली, "आधी मिशी पूस."

९ मार्च
या वेळी दोन घेतली. एक माझ्या मोहासाठी, एक ताईसाठी. स्वभाव ओळखून केलेलं प्लॅनिंग. पण बसमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांना गावाची महती नुसत्या बोलण्याने पटेना, म्हणून दुसरं त्यांना दिलं. ते खाऊन झोपले. मत कळलं नाही.
ताईने हात पुढे केला. मी त्यावर बिस्किटांचा पुडा ठेवला. तिने तो न उघडताच उशाशी ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

१० मार्च
बायको म्हणते, "तुमच्याने होत नाही, मी जाते." तिचं माहेर परगावचं. डबलची जबाबदारी तिला झेपणार नाही.

१२ मार्च
सुचलं! सगळं सुटं न्यायचं आणि तिथेच गरम दाबायचं. वॉर्डात तवा चालणार नाही. इस्त्रीला कोण नाही म्हणेल?

१३ मार्च
सिस्टर म्हणाली.
पाव आधी छान खरपूस झाला, मग जरा जास्तच. धूर पाहून ती धावत आली. ताई टाके धरून हसली, मग दुखलं म्हणून रडली. सिस्टरने इस्त्री, सॉसची बाटली आणि मला बाहेर काढलं. तरी ताई हसली, हे धरायला हवं.

रात्री
हसली कमी, रडली जास्त. पण हसली.

१५ मार्च
आता प्रयोग बंद. शेजाऱ्याची गाडी मागितली. पावणेदोन तासांत पोचणार.

१६ मार्च, दुपारी १
पोचलो. डबल गरम. वाटेत पुडीला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
ताईच्या कॉटवर दुसऱ्याच काकू. सिस्टर म्हणाली, "अकराला डिस्चार्ज झाला." मोबाइलवर भाच्याचे चार मिस्ड कॉल. गाडी चालवताना मी फोन घेत नाही, शिस्त म्हणजे शिस्त.

१.२०
बायकोचा फोन. भाच्याने ताईसाठी वाट वाकडी करून गाडी आमच्या गावात आणली. रस्त्यात आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो असणार. ताई आत्ता दुकानात बसलीय, दुसरं डबल चाललंय. चेहऱ्यावर रंग आलाय म्हणे. ताईला फोन द्यायला सांगितलं. तिच्या तोंडात घास होता. काय म्हणाली ते कळलं नाही. मी म्हटलं, "सावकाश खा." तेवढंच सुचलं.

१.४५
तिथेच बसून होतो. कॉटवरच्या काकूंनी विचारलं, "वास कसला हो?" पुडी त्यांच्या हातात दिली. गावाचा अभिमान, दोनदा दाबणं, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आमच्या गावात याहून चांगलं मिळतं."
कुठल्या चौकात, ते मी लिहून घेतलं. फक्त माहितीसाठी.